चाळीस खुर्च्या, चार वादक आणि एक कॉफी मशीन

पुण्यात जुन्या बंगल्यांच्या तळमजल्यांवर आता बरीच कॅफे उघडली आहेत. दिवाणखाना आणि शेजारची खोली यांच्यामधली भिंत पाडलेली, रस्त्याच्या बाजूला मोठी काच, खाली गुळगुळीत फरशी, मागे काउंटर. जागा साधारण वीस बाय पंधरा फूट, छत दहा फुटांवर, खुर्च्या तीस ते चाळीस. अशा जागी आमचा चौघांचा बँड वाजवतो. गायिका, अकूस्टिक गिटार, बेस आणि कहोन, म्हणजे ज्यावर बसून वाजवतात तो लाकडी खोका. काही गाण्यांपुरते हार्मोनियम आणि तबला. पाचशे माणसांच्या सभागृहात वाजवणं याहून सोपं असतं. तिथे साउंडवाला असतो, जनरेटर असतो, आणि मुख्य म्हणजे लोक ऐकायलाच आलेले असतात. कॅफेतले अर्धे लोक नुसती कॉफी प्यायला आलेले असतात आणि त्या जागेवर त्यांचा हक्क आपल्याइतकाच असतो. एवढं मान्य केलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. त्यांतला पहिला म्हणजे आवाज कमी ठेवायचा.

जागा आधी बघून यावी, आणि तीही कार्यक्रमाच्याच वारी, कार्यक्रमाच्याच वेळी. सकाळी अकराला रिकामं कॅफे पाहून काही कळत नाही. ग्राइंडर किती वेळा चालतो, कोल्ड कॉफीचा मिक्सर कुठे ठेवलाय, वॉशरूमकडे जायची वाट कुठून आहे, एसीचा झोत नेमका कुठे लागतो, हे सगळं संध्याकाळी साडेसातलाच दिसतं. मग खोलीच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवायची. काच आणि समोरची भिंत यांच्यात आवाज झणझणत राहिला तर स्पीकरचं तोंड सरळ काचेकडे करायचं नाही. पडदे असतील तर ओढून घ्यायचे. नसतील तर काचेवर चुण्या पाडून टांगलेली सोलापुरी चादरसुद्धा वरच्या सुरांची झणझण कमी करते. खालचा गडगडाट मात्र चादरीला दाद देत नाही.

या गडगडाटाचं गणित पाहण्यासारखं आहे. समोरासमोरच्या दोन पृष्ठभागांमध्ये जो सूर पहिल्यांदा घुमतो, त्याच्या लहरीची लांबी त्या अंतराच्या दुप्पट असते. छत दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटर, दुप्पट केली की ६.१. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर. भागाकार येतो ५६ हर्ट्झच्या जवळपास. बेस गिटारची मोकळी ए तार ५५ हर्ट्झची असते. त्यामुळे दहा फूट उंचीच्या खोलीत ए वाजला की सगळी खोली गुरगुरते, आणि त्याच जोराने वाजवलेला डी मात्र शहाण्यासारखा ऐकू येतो. बेसवाल्याला वाटतं आपलं बोट जड पडतंय. बोटाचा दोष नसतो. साउंड मिक्सरवर बेसच्या चॅनलचा लो, म्हणजे खालच्या सुरांचा नॉब, तीन-चार डेसिबल खाली घ्यायचा आणि ए तार तळव्याने दाबून सूर आखूड ठेवायचा, एवढंच हातात असतं. बेस कोपऱ्याजवळच्या स्पीकरमधून येत असेल तर हा त्रास आणखी वाढतो, कारण कोपऱ्यात खालचे सूर फुगतात.

बँडला आठ बाय पाच फुटांची जागा लागते. गिटारवाला आणि कहोनवाला बसून, गायिका स्टुलावर, बेसवाला त्यांच्या अर्धा पाऊल मागे. एवढ्यासाठी दोन टेबलं उचलावी लागतात, म्हणजे मालकाच्या सात-आठ खुर्च्या गेल्या. हे आपण आधी सांगावं. ऐन वेळी टेबलं सरकवायला लागलो की पहिली कुरबूर तिथूनच सुरू होते. जागा निवडताना काउंटरच्या समोरची भिंत बरी, काउंटरला लागून असलेली नको. वॉशरूमच्या वाटेवर तर अजिबात नको. तिथे दर गाण्यात कुणीतरी ओशाळं हसत, वाकून, केबल ओलांडत जातं आणि स्टँडला धक्का बसतो.

आता वीज. कॅफेतले निम्मे घोटाळे आवाजाचे वाटतात आणि निघतात विजेचे. दोन ग्रुपचं कॉफी मशीन तीन ते चार किलोवॉटचं असतं. २३० व्होल्टवर हे तेरा ते सतरा अँपिअर झाले. आपला सगळा संसार, म्हणजे दोन पॉवर्ड (आतच अँप्लिफायर असलेले) स्पीकर आणि एक साउंड मिक्सर, प्रत्यक्षात फार तर दोन-तीन अँपिअर ओढतो. स्पीकरवर हजार वॉट छापलेलं असलं तरी त्या आकड्याला घाबरायचं कारण नाही, तो क्षणिक शिखराचा आकडा असतो. प्रश्न लोडचा नसून शेजाराचा असतो. मशीनचा हीटर चालू-बंद झाला की त्याच लाइनवरच्या स्पीकरमध्ये ‘टक्’ येतं, फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की आणखी एक. म्हणून मशीन आणि फ्रिज ज्या एमसीबीवर आहेत ती सोडून दुसऱ्या एमसीबीवरचा बोर्ड मागून घ्यायचा. आणि मिक्सर, स्पीकर, गिटारचं पेडल असं सगळं त्या एकाच बोर्डावरून. अर्धं या भिंतीवरून आणि अर्धं त्या भिंतीवरून घेतलं की दोन अर्थिंगमधल्या फरकाने पन्नास हर्ट्झची घुंऽऽ अशी घरघर सुरू होते आणि ती कुठल्याही नॉबने जात नाही.

पिशवीत मल्टिमीटर हवाच. साडेतीनशे-चारशे रुपयांचा पुरतो. बोर्डावर तीन मोजमापं घ्यायची. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आगेमागे. फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढंच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरा आकडा दहा-वीस दाखवत असेल किंवा दुसरा भलतंच काही सांगत असेल, तर त्या बोर्डाचं अर्थिंग नावापुरतं आहे. सगळं जोडून झाल्यावर आणखी एक मोजमाप घ्यायचं: मीटरची एक पिन गिटारच्या तारेला, दुसरी माइकच्या जाळीला. एखाद-दुसरा व्होल्ट ठीक. चाळीस-साठ दिसले तर गायिकेने गिटारला हात लावून माइकला ओठ टेकवल्यावर काय होईल ते वेगळं सांगायला नको. याचं नेहमीचं कारण म्हणजे दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालणारं एखादं पेडल किंवा लॅपटॉप.

घरघर जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगची मोठी (अर्थिंगची) पिन कापण्याची किंवा तिला टेप लावण्याची एक जुनी युक्ती आहे. घरघर जाते हे खरं, पण यंत्रात बिघाड झाला तर वीज जायला माणसाखेरीज दुसरी वाट उरत नाही. हे कधीही करू नये. डीआय बॉक्सवर (गिटार मिक्सरला जोडणाऱ्या डबीवर) ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण याच कामासाठी असतं, ते फक्त सिग्नलच्या केबलची जमीन तोडतं, विजेची नाही.

लाइट गेली तर? काही कॅफेंत इन्व्हर्टर असतो. तो स्क्वेअर वेव्हचा असेल तर स्पीकरमध्ये माशी घोंघावते आणि काही मिक्सर तापतात. तेव्हा सरळ स्पीकर बंद करून दोन गाणी तशीच म्हणावीत. एवढ्या खोलीत आवाज पोचतो, आणि लोक गप्प होतात.

सामान थोडंच लागतं. आठ-दहा चॅनलचा साधा मिक्सर, दहा इंची दोन पॉवर्ड स्पीकर, दोन स्टँड, गाण्यासाठी शुअर एसएम५८ किंवा त्याच जातीचे दोन डायनॅमिक माइक, कहोनसाठी एक, गिटार आणि बेससाठी डीआय, माइकच्या (एक्सएलआर) केबल लागतात त्यापेक्षा दोन जास्त. कंडेन्सर माइक घरी ठेवावा. तो कपबश्याही तितक्याच प्रेमाने उचलतो. वायरलेस माइकही नको. स्वस्त सेट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि चाळीस फोन असलेल्या कॅफेचं वायफायही बहुधा तिथेच असतं. टॅबलेटवरून चालवायचा डिजिटल मिक्सर असेल तर त्याचा राउटर ५ गिगाहर्ट्झवर ठेवावा, नाहीतर रिकाम्या खोलीत गुण्यागोविंदाने चालणारा टॅबलेट खोली भरली की मधूनच संपर्क सोडतो.

ड्रमसेट या जागेत बसत नाही. बसवला तरी त्यातल्या नुसत्या स्नेअर ड्रमच्या आवाजावर मग सगळ्यांना चढावं लागतं. कहोन त्यासाठीच. त्याचा माइक मागच्या भोकापासून तीन-चार इंचांवर, थोडा तिरका. अगदी भोकात घातला तर नुसता ढुम्म येतो आणि पुढच्या फळीवरचा चटका हरवतो. तो चटका खोलीत तसाही पुरेसा ऐकू येतो, म्हणून पुढून माइक लावायची गरज नाही.

स्पीकर माइकच्या रेषेच्या पुढे, आणि उंच. बसलेल्या माणसाचं डोकं साधारण चार फुटांवर असतं. स्पीकरचा वरचा हॉर्न (वरचे सूर फेकणारा भाग) साडेपाच-सहा फुटांवर आणून किंचित खाली झुकवायचा. खाली ठेवला तर पहिल्या टेबलावरच्या लोकांच्या पाठी आवाज खातात. त्यांचे कान किटतात आणि शेवटच्या टेबलाला काहीच कळत नाही. उंच केल्यावर जवळचा आणि लांबचा श्रोता यांच्या अंतरातला फरक कमी होतो, म्हणून आवाज समान पसरतो. लांबट खोलीत दोनाऐवजी एकच स्पीकर जास्त स्वच्छ वाजतो असा आमचा अनुभव आहे. मॉनिटर, म्हणजे वादकांकडे तोंड केलेला स्पीकर, आम्ही नेत नाही. एवढ्याशा जागेत मॉनिटर म्हणजे शिट्टीला आमंत्रण. गायिकेला स्वतःला ऐकू यायला हवं असेल तर तारेचा इअरफोन मिक्सरच्या ऑक्स या जादा आउटपुटमधून द्यावा, एका कानात.

साउंडचेक दुपारी साडेतीनला, कॅफे ओस पडलेलं असताना. आधी सगळे फेडर (आवाजाच्या सरकत्या पट्ट्या) खाली, मिक्सर चालू, स्पीकर सर्वांत शेवटी; बंद करताना स्पीकर सर्वांत आधी, नाहीतर ‘धप्प’ होऊन एखाद्याच्या हातातला कप सांडतो. एकेक चॅनल घ्यायचा. गायिकेने ‘हॅलो, वन टू’ म्हणून काही उपयोग नाही; तिने सेटमधल्या सर्वांत चढ्या ओळी पूर्ण ताकदीने म्हणाव्यात, आणि तेव्हा लाल दिवा लागणार नाही इतका गेन, म्हणजे माइकच्या सिग्नलची वाढ, ठेवावा. गाण्याच्या चॅनलवर लो-कट दाबायचा. ८० किंवा १०० हर्ट्झच्या खाली तिच्या आवाजात काही नसतं, असतात ते टेबलाचे आणि पायांचे धक्के. गिटारच्या पिकअपचा आवाज दोन-तीन किलोहर्ट्झच्या आसपास टोचतो, तिथे मिड थोडा उतरवावा. गिटारच्या पोटातली हवाच शंभर हर्ट्झच्या जवळपास घुमत असते. स्पीकर जवळ असला की तीच घुमारी फिरून येते आणि कुणी हात न लावता गिटार ‘बूंऽऽ’ करायला लागते. साउंडहोलवर रबराचं झाकण बसवलं की प्रश्न मिटतो. झाकण स्वस्तात मिळतं आणि ज्यांच्याकडे नसतं ते संध्याकाळभर ईक्यूचे, म्हणजे सूर कमी-जास्त करणारे, नॉब फिरवत बसतात.

शिट्टी, म्हणजे स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून होणारा फीडबॅक, येणारच आहे असं धरून ती दुपारीच काढून घ्यावी. गाण्याच्या माइकचा फेडर हळूहळू वर न्यायचा, खोली जिथे गुणगुणायला लागेल तिथे थांबायचं आणि कान द्यायचे. ‘ऊ’सारखी असेल तर अडीचशे ते पाचशे हर्ट्झ, ‘ई’सारखी बारीक असेल तर दोन हजारांच्या वर. तिथला मिड तीनेक डेसिबल खाली. मग फेडर तिथून चांगला सहा डेसिबल मागे घेऊन ठेवायचा, ही संध्याकाळची जास्तीत जास्त मर्यादा. याहून जास्त आवाज हवा असेल तर तो नॉबमधून येत नाही, तोंड माइकच्या जवळ आणल्याने येतो. अंतर निम्मं केलं की सहा डेसिबल फुकट मिळतात. जाळीपासून दोन बोटं हे योग्य अंतर. आणि माइकचा गोळा मुठीत धरू नये. जाळीच्या मागच्या बाजूने हवा आत जाते म्हणूनच तो पाठीमागचा आवाज टाळतो. ती वाट झाकली की माइक चहूकडून ऐकायला लागतो. न वापरलेले माइक बंद ठेवावेत, कारण चालू माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची मोकळीक तीन डेसिबलनी कमी होते.

दुपारचा आवाज थोडा टोचणारा वाटला तर वाटू द्यावा. माणसं आणि त्यांचे कपडे वरचे सूर शोषून घेतात. चाळीस जण बसल्यावर तोच आवाज जागेवर येतो. दुपारी मऊ करून ठेवलेला आवाज रात्री घोंगडीखालून आल्यासारखा लागतो. मिक्सरमधला रिव्हर्बही (कृत्रिम घुमाराही) अगदी जेमतेम ठेवायचा, खोली स्वतः पुरेसा देते. आणि गाण्यांच्या मधल्या बोलण्यात तो पूर्ण बंद, नाहीतर प्रत्येक वाक्य सत्संगासारखं वाटतं.

आता मूळ मुद्दा, आवाज किती. साडेसातला भरलेल्या कॅफेत नुसत्या गप्पांचा आवाज मधल्या टेबलावर सत्तर डेसिबलच्या आसपास असतो. फोनमधलं ॲप अचूक नसतं, पण आधी किती आणि नंतर किती एवढा फरक त्याला बरोबर कळतो. बँडने ७५ ते ८० धरावं. त्यावर गेलो की गप्पा थांबत नाहीत, मोठ्या होतात. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो हे एतिएन लोम्बार नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १९११ मध्येच नोंदवून ठेवलंय, आणि कॅफेत दर आठवड्याला त्याचा पुरावा मिळतो. लोक चढले म्हणून बँड चढतो, बँड चढला म्हणून लोक, आणि साडेआठपर्यंत दोघेही ओरडत असतात. हा फेरा बँडच तोडू शकतो, तोही आवाज उतरवून. दुसऱ्या-तिसऱ्या गाण्याला कहोन पूर्ण थांबवायचा, बेस थांबवायचा, फक्त गिटार आणि गळा. मिनिटभरात खोली खाली येते. मग हळूच कहोन आत घ्यायचा. ‘प्लीज शांत बसा’ असं माइकवरून सांगणारे बँड आहेत. त्याने शांतता दोन मिनिटं टिकते आणि राग घरी जाईपर्यंत.

काउंटरशी करार हा आमच्या मते साउंडचेकइतकाच महत्त्वाचा भाग. एस्प्रेसोसाठी बी आधी दळून ठेवता येत नाही, वास उडतो. त्यामुळे ग्राइंडर दर कपाला आठ-दहा सेकंद चालणारच. दूध फेसवायची वाफ आहेच. कोल्ड कॉफीचा मिक्सर या सगळ्यांचा बाप. मशीनवरच्या मुलाला ‘जरा कमी चालव’ असं मोघम सांगून भागत नाही, कारण कधी ते त्याला कळत नाही आणि ऑर्डरी थांबत नाहीत. आम्ही सेटलिस्टची एक प्रत ग्राइंडरच्या वर भिंतीला चिकटवतो. गाण्यांची नावं मोठ्या अक्षरांत, प्रत्येकापुढे मिनिटं, आणि ज्या तीन-चार गाण्यांत मिक्सर लावायचा नाही त्यांच्यापुढे लाल गोल. बाकीच्या गाण्यांत त्याला पूर्ण मोकळीक. लाल गोलाआधीच्या गाण्यात तो पुढच्या कोल्ड कॉफ्या उरकून घेतो, आणि त्या चार मिनिटांत पाण्याच्या बाटल्या, केक, बिलं अशी कामं काढतो. एकदा गाणी पाठ झाली की तो शेवटची ओळ ऐकून बरोबर टाळ्यांमध्ये मिक्सर लावतो. तालाची जाण बऱ्याच वेळा काउंटरमागे जास्त असते.

सुरांचं मिळवणं ही आपल्याकडची खास भानगड. हार्मोनियम असेल तर तीच मालकीण, कारण तिचे सूर जागेवर बदलता येत नाहीत. बऱ्याच पेट्या ४४० हर्ट्झच्या किंचित वर किंवा खाली असतात. गिटारच्या ट्यूनरमध्ये हा आकडा बदलता येतो: पेटीचा ए वाजवून तो ४४३ दाखवत असेल तर गिटार आणि बेस दोन्ही ४४३वर मिळवायचे. नाहीतर दोन्ही वाद्यं आपापल्या जागी सुरात असतात आणि एकत्र वाजली की दात आंबतात. गायिका काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला) गात असेल तर गिटारवाला पहिल्या फ्रेटवर कापो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, लावून जी चे कॉर्ड धरतो. तबला काळी एकचा असेल तर तो अशा वेळी मध्यमात बसतो आणि तेवढ्याने काम भागतं. चालीत मध्यम नसेल तर काळी दोनला चढवून पंचमात घ्यावा लागतो. पावसाळ्यात चामडं दमट होऊन सैल पडतं, एसीच्या कोरड्या हवेत पुन्हा ताणतं. म्हणून तबला पिशवीतून काढून वीस मिनिटं जागेवर ठेवायचा आणि मग हातोडी घ्यायची. आल्या आल्या मिळवलेला तबला दुसऱ्या गाण्यापर्यंत सूर सोडतो. गिटारच्या नव्या तारा कार्यक्रमाच्या दिवशी चढवू नयेत, आदल्या दिवशी चढवून ताणून घ्याव्यात.

पंचेचाळीस मिनिटांचे दोन भाग, मध्ये वीस मिनिटं. मधली सुट्टी आपल्या चहासाठी नसते, ऑर्डरींसाठी असते. मालकाचा निम्मा धंदा त्या वीस मिनिटांत होतो. एका भागात बोलणं धरून नऊ गाणी बसतात, दहावं राखीव. स्वतःची गाणी असतील तर ती सुरुवातीला झोकू नयेत; दोन ओळखीच्या गाण्यांनंतर तिसरं आपलं, मग पुन्हा एक ओळखीचं. संथ गाणी दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला, लोक खाऊन निवांत झालेले असतात. फर्माईश आली आणि येत नसेल तर ‘पुढच्या वेळी’ म्हणावं. अर्धवट येणारं गाणं वाजवून दाखवू नये. वाढदिवस मात्र हमखास निघतो. केक कुठल्या टेबलावर आहे हे आधीच विचारून ठेवावं, गाण्याच्या मधोमध मेणबत्त्या आल्या तर गाणं पूर्ण करून मगच सूर बदलावा.

कागदपत्रांकडे बहुतेक बँड ‘ते कॅफेवाल्याचं बघा’ म्हणून पाठ फिरवतात. जबाबदारी बरीचशी त्याचीच आहे, पण कार्यक्रम बंद पडतो तो आपला. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५. रात्र म्हणजे दहा ते सहा. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. बंगल्यातलं कॅफे अनेकदा निवासी गल्लीत असतं, त्यामुळे फाटकाशी उभं राहून मोजावं आणि बँड नसताना तिथे किती असतं तेही मोजून ठेवावं. काचेचं दार लावलं की गाणं आत राहतं, बेस बाहेर जातो. तक्रार येते ती बहुतेक बेसची. सणावारी काही ठरावीक दिवस रात्री बारापर्यंत सूट मिळते ती कॅफेसाठी धरून चालू नये. शेवटचं गाणं पावणेदहाला संपवावं. गणपतीच्या दहा दिवसांत पुण्यात कॅफेत वाजवण्याचा हट्टच करू नये, बाहेरचा ढोल काचेला जुमानत नाही.

दुसऱ्यांची गाणी जाहीरपणे गायची तर शब्द आणि संगीत यांचे हक्क लागतात. त्यांचा परवाना आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था देते. मधल्या सुट्टीत स्पीकरवर लावलेली रेकॉर्डेड गाणी हा वेगळा हक्क, त्याला ध्वनिमुद्रणाच्या मालकांचा परवाना वेगळा. ट्रॅकवर गायलं तर दोन्ही. संतांच्या रचना मोकळ्या आहेत म्हणून निर्धास्त राहणारे बरेच भेटतात. शब्द मोकळे असतात, चाल नसते: ‘तीर्थ विठ्ठल, क्षेत्र विठ्ठल’चे शब्द नामदेवांचे, पण आपण सगळे जी चाल गातो ती राम फाटक यांची. कायद्याने रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. तिकीट लावायचं ठरलं तर सार्वजनिक करमणुकीच्या परवान्याचा प्रश्न येतो. तो स्थानिक पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्यावा, जाहिरात टाकल्यावर नव्हे.

पैशाचं बोलणं मालकाच्या बाजूने एकदा करून पाहावं. चाळीस खुर्च्या, माणशी तीनशे, शनिवारी संध्याकाळी प्रत्येक खुर्ची दोनदा भरते असं धरा: चोवीस हजार. त्याच शनिवारी बँड असेल तर माणसं अडीच तास उठत नाहीत. जास्त खाल्लं तरी माणशी साडेचारशे, म्हणजे अठरा हजार, त्यातून बँडचं मानधन. शनिवारी बँड ठेवणारा मालक पदरचे पैसे घालतो आणि तीन महिन्यांत कंटाळतो. गुरुवारी तेच कॅफे दहा-बारा खुर्च्यांवर चालत असतं. तिथे पंचवीस माणसं जास्त आणली तर मानधन सुटून वर काही उरतं. म्हणून वार मागताना गुरुवार मागावा. गल्ल्यातला टक्का घेण्यापेक्षा ठरलेली रक्कम बरी, टक्क्यात बिलं कोण मोजणार इथपासून वाद. प्रवेशाला दोनशे घेऊन ते बिलातून वळते करून द्यायचे, ही रीत कॅफेत चालून जाते. टेबलावर छोटा क्यूआर कोड ठेवावा, माइकवरून एकदाच सांगावा, दोनदा नाही. मानधन त्याच रात्री घ्यावं, आणि जेवणखाण त्यात आहे की वेगळं हे आधी लिहून घ्यावं, मेसेजवर का होईना.

आवरताना केबल कोपरावर गुंडाळू नये, आतली तार पिळवटून महिन्याभरात तुटते. एक वेटोळं सरळ, एक उलटं. फरशीवर कापडी गॅफर टेपच लावलेला असावा, ब्राउन टेप निघताना फरशीचं पॉलिश आणि मालकाची माया दोन्ही घेऊन जातो. गिटारची पिन लगेच काढावी. पिन आत असेपर्यंत गिटारमधला प्रीअँप (सिग्नल वाढवणारं सर्किट) चालू राहतो आणि नऊ व्होल्टची बॅटरी पिशवीतच संपते. मिक्सर बंद करण्याआधी सगळ्या नॉब आणि फेडरांचा एक सरळ वरून फोटो काढून त्याला कॅफेचं नाव देऊन ठेवावं. पुढच्या महिन्यात त्याच खोलीत साउंडचेक निम्म्या वेळात उरकतं.